एनसीव्ही नॉर्मल आली, मग पाय का हलत नाहीत?

ताई, तुमचा प्रश्न मी दोन-तीनदा वाचला. इतरांनाही संदर्भ लागावा म्हणून आधी तो थोडक्यात सांगते. तुमचा भाऊ ३१ वर्षांचा, गाव जांबोटीच्या बाजूला. जूनच्या सुरुवातीला जांभळं काढायला चढला आणि फांदी मोडून खाली आला. पाठीचा आठवा मणका, म्हणजे डी८, फुटला. दुसऱ्या दिवशी ऑपरेशन करून रॉड आणि स्क्रू बसवले. डिस्चार्ज कार्डवर ‘एशिया ए’, म्हणजे मज्जारज्जूचा मार पूर्ण आहे, असं लिहिलंय. आता साडेतीन महिने झाले, पाय स्वतःहून हलवता येत नाहीत, पण रात्री आपोआप झटकतात. कुणीतरी सांगितलं म्हणून दोन्ही पायांची एनसीव्ही, म्हणजे नसेतून करंट किती वेगानं जातो ते मोजणारी टेस्ट, केली आणि ती नॉर्मल आली. तुम्ही विचारता, नसा चांगल्या आहेत तर पाय का हलत नाहीत? टेस्ट चुकली का? दर महिन्याला ती करून सुधारणा बघायची का?

आणि अगदी शेवटी तुम्ही एक ओळ लिहिलीय, जवळजवळ माफी मागितल्यासारखी. सकाळी पोट साफ करण्यासाठी वहिनी बोट घालते तेव्हा ‘आत काहीतरी कळतं’ असं तो म्हणतो, पण हे कुठं बोलायचं म्हणून कुणाला सांगितलं नाही. ताई, तुमच्या अख्ख्या पत्रात मला सगळ्यात महत्त्वाची वाटली ती हीच ओळ. तिच्याकडे मी सावकाश येते, कारण ती समजायला आधी रिपोर्ट समजावा लागेल.

मी बेळगावात पुनर्वसनाची डॉक्टर आहे. मणक्याला मार लागलेले पेशंट बघणं आणि ही करंटची टेस्ट स्वतःच्या हातानं करणं, दोन्ही माझं रोजचं काम आहे. टेस्ट चुकलेली नाही. रिपोर्ट खरा आहे आणि पाय हलत नाहीत हेही खरं आहे. एनसीव्ही जिथं बघते तिथं तुमच्या भावाला मार लागलेला नाही, आणि जिथं मार लागलाय तिथं एनसीव्ही पोचतच नाही.

गोंधळाचं निम्मं कारण आपल्या भाषेत आहे. सलाइन लावतात ती नस, पायाला मुंग्या आल्या की दबते ती नस, आणि मणक्यातून जातो तो दोरही नसच. माझ्याकडचे कानडी पेशंट ‘नरा’ म्हणतात, तिथंही तीच गत. प्रत्यक्षात मणक्यातला दोर, म्हणजे मज्जारज्जू, हा मेंदूचाच खाली आलेला भाग आहे. साधारण करंगळीएवढा जाड. तो कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो. त्याच्यातून फुटून हातापायात जातात त्या वेगळ्या नसा. दोघांचा स्वभाव वेगळा, मार लागल्यावर भरून येण्याची रीत वेगळी आणि तपासण्याही वेगळ्या.

तुमच्याकडे शेत असेल तर पाटाचं उदाहरण घ्या. धरणाकडून कालवा येतो, कालव्यातून पाट निघतो, पाटातून पाणी वाफ्यात जातं. कालवा वर कुठंतरी फुटला तर वाफे कोरडे पडतात. आता मी तुमच्या शेतात येऊन पाटाच्या तोंडाशी स्वतः चार बादल्या पाणी ओतलं आणि ते किती वेळात वाफ्यात पोचतं हे मोजलं, तर पाट स्वच्छ आहे एवढंच कळेल. वरून कालव्याचं पाणी येतंय की नाही हे त्यातून कसं कळणार? एनसीव्ही म्हणजे ही पाटात ओतलेली बादली.

टेस्ट करताना तुम्ही शेजारी उभ्या असाल तर पाहिलं असेल. तळव्याच्या आतल्या कडेला एक पट्टी चिकटवतात. आतल्या घोट्यामागे एक झटका देतात, अंगठा किंचित हलतो. मग गुडघ्याच्या मागच्या खळग्यात दुसरा झटका, परत अंगठा हलतो. समजा घोट्यापासून उत्तर यायला ४.५ मिलिसेकंद लागले आणि गुडघ्यापासून १२.५. फरक ८ मिलिसेकंदांचा. मधलं अंतर टेपनं मोजलं, ते ३४० मिलिमीटर भरलं. भागाकार केला की सेकंदाला ४२.५ मीटर हा वेग निघतो. पायात साधारण ४० च्या वर असला की आम्ही ठीक म्हणतो. या सगळ्यात मेंदूला कुणी काही विचारलेलंच नाही. झटका आम्ही दिला, प्रवास गुडघा ते तळवा एवढाच झाला. तुमच्या भावाचा अंगठा त्या वेळी हलला असेल आणि घरच्यांना भरून आलं असेल. तो करंटनं हलला होता.

इथं एक प्रश्न हमखास येतो. पायाला हात लावलेला कळत नाही, मग पोटरीच्या मागच्या बाजूची जी फक्त संवेदनेची नस तपासली, तीही नॉर्मल कशी? हे कोडं मलाही शिकत असताना बरेच दिवस सुटलं नव्हतं. संवेदना नेणाऱ्या तंतूची मूळ पेशी मज्जारज्जूच्या आत नसतेच. ती बाहेर, दोन मणक्यांमधल्या भोकापाशी, एका छोट्या गाठीत बसलेली असते. तंतू जिवंत ठेवायचं काम ती पेशी करते. मार मज्जारज्जूला लागला, गाठ शाबूत राहिली, तर बोटांपासून गाठीपर्यंतचा तंतू ठणठणीत राहतो. निरोप गाठीपर्यंत येतो, पुढे मज्जारज्जूत शिरतो आणि वर जाता जाता जखमेपाशी अडकतो. म्हणून माणसाला काही कळत नाही आणि मशीनला मात्र सगळं चांगलं दिसतं.

पाय हलवणाऱ्या तंतूंचं थोडं वेगळं आहे. त्यांच्या पेशी मज्जारज्जूच्या आत, पण अगदी खालच्या टोकाकडे असतात. पाठीच्या दहाव्या मणक्यापासून कमरेच्या पहिल्या मणक्यापर्यंतचा जो भाग, तिथं. तुमच्या भावाचा मार डी८ ला, म्हणजे त्याच्या वर. खालचा कारखाना चालू आहे, वरून हुकूम येत नाही. रात्री पाय झटकतात तेही याचंच लक्षण. पांघरूण घासलं, पोटातली लघवीची पिशवी (मूत्राशय) भरली, की त्या खालच्या भागाला निरोप मिळतो आणि तो मेंदूला न विचारता परस्पर पाय हलवतो. बरेच लोक हे झटके म्हणजे ‘ताकद परत येतेय’ असं समजतात. तसं नसतं, आणि हे मी पहिल्याच भेटीत सांगते, कारण चार महिन्यांनी कळलं तर माणूस जास्त खचतो. मात्र झटके आणि नॉर्मल एनसीव्ही मिळून एक चांगली गोष्ट सांगतात : खालचे स्नायू आणि नसा जिवंत आहेत. वरून थोडा जरी हुकूम उतरायला लागला, तर तो अमलात आणणारे हात तयार आहेत.

हे उत्तर डी८ साठी आहे, हे लक्षात ठेवा. उंचावरून पडलेल्यांमध्ये सगळ्यात जास्त फुटतात ते डी१२ आणि एल१, म्हणजे पाठीचा शेवटचा आणि कमरेचा पहिला मणका. तिथं मार लागला तर खालचा कारखाना किंवा त्यातून निघणाऱ्या नसांचा जुडगा स्वतःच चिरडला जातो. पाय लुळे पडतात, झटके येत नाहीत, मांड्या-पोटऱ्या झपाट्यानं वाळतात. अशा पेशंटमध्ये संवेदनेची नस नॉर्मल दिसते, स्नायूकडून येणारं उत्तर मात्र लहान किंवा गायब. तिथं एनसीव्ही आणि सोबत सुई घालून करायची स्नायूची तपासणी, ईएमजी, खरोखर कामाची असते. तीसुद्धा घाईनं करून उपयोग नाही. नस तुटली तरी तिचं खालचं टोक काही दिवस उत्तर देत राहतं, आणि स्नायूत सुईला सापडणारे बदल पायाच्या खालच्या भागात दिसायला तीन-चार आठवडे जातात. पहिल्या आठवड्यात काढलेला ‘नॉर्मल’ रिपोर्ट मी तरी बाजूला ठेवते. या नसा वाढतात दिवसाला जेमतेम एक मिलिमीटर, आणि स्नायू दीड-दोन वर्षं नसेविना राहिला तर पुढे नस पोचूनही फायदा होत नाही. म्हणून तिथं वेळ मोजायला टेस्ट लागते. तुमच्या भावाच्या बाबतीतही एमआरआयमध्ये सूज किंवा रक्तस्राव डी८ च्या बराच खालपर्यंत उतरलेला असेल, तर चित्र मिश्र असू शकतं. फिल्म बघितल्याशिवाय मी ते नाकारणार नाही. पण झटके येतात, एनसीव्हीत स्नायूचं उत्तर चांगलं आहे, त्यामुळे तशी शक्यता कमी वाटते.

दर महिन्याला एनसीव्ही करण्याबद्दल माझ्याच खोलीतली एक गोष्ट सांगते. सुरुवातीच्या वर्षांत वडगावच्या एका विणकराची मी डिसेंबरात टेस्ट केली. सकाळची वेळ, थंडी, पेशंट उघड्या टेम्पोतून आलेला. वेग निघाला ३७. मार्चमध्ये परत केली, तेव्हा ४३. आकडा वाढलेला बघून घरचे दुसऱ्या दिवशी कुंद्याचा बॉक्स घेऊन आले. त्या माणसाच्या पायात काहीच बदललेलं नव्हतं. बदललं होतं ते तापमान. पाय एका अंशानं गार असला तर वेग सेकंदाला साधारण दोन मीटरनं कमी दिसतो, आणि पाय न हलणाऱ्या रुग्णांचे पाय आधीच गार असतात. डिसेंबरात मी पाय हात लावूनही बघितला नव्हता. चूक माझी होती आणि ती गोड बातमी मलाच मागे घ्यावी लागली. त्यांच्या आईनं बॉक्स परत नेला नाही. ‘पोरं खातील’ म्हणत टेबलावर ठेवून गेल्या. तेव्हापासून गरम पाण्यात पिळलेल्या टॉवेलनं पाय शेकून, त्वचा ३० अंशांच्या वर आल्याशिवाय मी झटका देत नाही. तुम्हाला कुणी ‘आमच्या उपचारानं एनसीव्ही चार पॉइंट सुधारली’ असं दाखवलं, तर एवढंच विचारा की दोन्ही वेळा पायाचं तापमान किती होतं. शिवाय तुमच्या भावाची एनसीव्ही आधीच नॉर्मल आहे. जे बिघडलेलंच नाही ते सुधारणार कसं?

मग सुधारणा बघायची कशी? टाचणी, कापूस आणि डॉक्टरचं बोट, यांनी. ‘एशिया ए’ हे अक्षर येतं ते याच तपासणीतून. दोन्ही बाजूंना डोक्यापासून खाली २८-२८ ठरलेल्या जागांवर हलका स्पर्श आणि टोचणं तपासायचं, हातापायाचे दहा-दहा ठरलेले स्नायू बघायचे, आणि शेवटी शौचाची जागा. आजूबाजूच्या कातडीला स्पर्श आणि टोचणं कळतं का, आत बोटानं भिंतीकडे दाब दिला तर कळतं का, आणि ‘शौच रोखून धरता तसं आवळा’ म्हटल्यावर बोटाभोवती आवळलं जातं का. ती जागा का? कारण तिथले तंतू मज्जारज्जूच्या सगळ्यात खालच्या टोकाला जातात. तिथून निघालेला निरोप मेंदूपर्यंत पोचला याचा अर्थ तो जखमेच्या पलीकडे गेला. म्हणजे दोर पूर्ण तुटलेला नाही, काही धागे शिल्लक आहेत. असं असलं की ‘ए’ राहत नाही, निदान ‘बी’ होतं. आवळता आलं तर ‘सी’ पर्यंत जातं.

आता तुमची शेवटची ओळ परत वाचा.

मी इथं बसून ‘बी’ म्हणणार नाही. पोट ओढल्यासारखं वाटणं, घाम येणं, अंगावर काटा येणं, अशा इतर वाटांनीही माणसाला ‘काहीतरी’ कळू शकतं. म्हणून ते नीट तपासावं लागतं : डोळे मिटलेले, कधी दाब द्यायचा, कधी नुसतं बोट ठेवायचं, आणि दर वेळी त्यानं सांगायचं. पण साडेतीन महिन्यांत ही तपासणी पुन्हा झालीय असं तुमच्या पत्रावरून दिसत नाही. कार्डवरचं ‘ए’ ऑपरेशनच्या दिवसांतलं आहे. पहिल्या ७२ तासांत माणूस वेदनेत असतो, औषधांच्या गुंगीत असतो, मज्जारज्जू धक्क्यात असतो. त्या अक्षरावर सगळं आयुष्य ठरवू नये.

ही तपासणी का राहते ते मला माहीत आहे. वॉर्डात पडदा नसतो, आई शेजारी बसलेली असते, पेशंट लाजतो, डॉक्टर घाईत असतो. दुसरं कारण भाषेचं. आपल्या भागात विचारणारा कानडीत नाहीतर इंग्रजीत विचारतो, उत्तर देणारा खानापूरचा मराठी मुलगा, आणि तो आदरापोटी सगळ्याला ‘हो’ म्हणतो. म्हणून आधी मी पेशंटच्या गालाला टाचणीचं टोक आणि मागची बाजू लावून दाखवते. ‘हे टोचलं, हे नुसतं लागलं. आता डोळे मीट आणि टोचतंय की लागतंय तेवढंच सांग.’ दहा वेळांपैकी आठ वेळा बरोबर सांगितलं तरच मी ते धरते. या टोचण्याला मी फार मान देते. टोचण्याचा निरोप वर नेणारी वाट आणि हालचालीचा हुकूम खाली आणणारी वाट मज्जारज्जूत जवळजवळ आहेत. खाली टोचणं शिल्लक असेल तर शेजारची वाटही थोडी वाचलेली असण्याची शक्यता वाढते, आणि अशा पेशंटना पुढे पायांत ताकद येण्याची आशा नुसता स्पर्श कळणाऱ्यांपेक्षा चांगली असते.

पुढे काय होईल याबद्दल जेवढं खरं आहे तेवढं सांगते. पाठीच्या भागातल्या माराला ज्यांची पहिली नीट तपासणी ‘ए’ असते, त्यांच्यातले बहुतेक जण वर्षानंतरही ‘ए’ मध्येच राहतात. ‘बी’ असेल तर दार उघडं असतं, किती उघडं ते टोचण्यावर, एमआरआयवर आणि येत्या काही महिन्यांत काय दिसतं यावर ठरतं. भरपाईचा वेग पहिल्या तीन महिन्यांत सगळ्यात जास्त असतो, सहा ते नऊ महिन्यांपर्यंत बरीचशी होऊन जाते, त्यानंतर दीड-दोन वर्षांपर्यंत हळूहळू थोडं थोडं येऊ शकतं. तुम्ही साडेतीन महिन्यांवर आहात. उशीर झालेला नाही, पण वाया घालवायला वेळही नाही.

मज्जारज्जूतून निरोप जातो का हे बघणारी करंटची टेस्टही असते, एसएसईपी. घोट्यापाशी झटका देऊन टाळूवर लावलेल्या पट्टीत उत्तर येतं का ते बघतात. साधारण चाळीस मिलिसेकंदांत ते यायला हवं. बेशुद्ध पेशंट, लहान मूल, किंवा सांगणं विश्वासार्ह नाही असं वाटतं तिथं ती मी सुचवते. तुमचा भाऊ शुद्धीवर आहे, बोलतो, समजतो. त्याच्याकडून नीट तपासणीत जे कळेल त्याच्या पलीकडे ती टेस्ट फारसं सांगणार नाही, म्हणून लगेच तिच्यामागे धावू नका.

एनसीव्हीला मी सरसकट नाही म्हणत नाही. पायांत थोडी ताकद आली पण एकच पाऊल वर उचलत नाही, असं झालं तर मी ती जरूर करेन. पाय बाहेरच्या बाजूला कलंडून महिनोन्महिने झोपलेल्या माणसाची गुडघ्याच्या बाहेरच्या हाडापाशी नस दबते. घरचे समजतात मणक्याचंच आहे, आणि ते एका उशीनं टळलं असतं. आयसीयूत फार दिवस काढलेले, साखरेचे रुग्ण, मोटरसायकलवरून पडून मानेला मार आणि सोबत खांद्याच्या नसांना ताण, यांनाही ती लागते. आणि वर्षानुवर्षं व्हीलचेअर ढकलणाऱ्यांच्या मनगटात नस दबून रात्री हाताला मुंग्या येतात, तेव्हा तर नक्कीच. त्यांचे हात म्हणजेच त्यांचे पाय असतात.

आता घरी काय करायचं. झटके येतात, खालचा भाग जिवंत आहे, याचा रोजच्या जगण्यात थेट उपयोग आहे आणि तो कुणी समजावून सांगत नाही. वहिनी सकाळी जे करते त्यात बोटानं सगळं ओढून काढायची गरज नसावी. चहा किंवा नाश्ता झाल्यावर अर्ध्या तासानं, रोज त्याच वेळी, हातमोजा आणि भरपूर जेली लावून बोट आत हलकेच गोल फिरवायचं, अर्धा-एक मिनिट, मग थांबायचं. खालचा भाग शाबूत असला की आतडं स्वतः आकुंचन पावून बाहेर टाकतं. पाच-दहा मिनिटांनी परत करायचं. ही सवय बसायला काही आठवडे जातात, पण मग दिवसभर कपडे खराब होण्याची धास्ती जाते. डी१२-एल१ च्या लुळ्या पेशंटमध्ये हे चालत नाही, तिथं हातानंच काढावं लागतं. मार कुठला यावरून सकाळचं काम बदलतं ते असं.

लघवीची नळी अजून कायमची ठेवलेली असेल तर ती काढून दर चार-सहा तासांनी स्वच्छ नळी घालून पिशवी रिकामी करायची पद्धत शिकून घ्या. एका वेळी ४००-५०० मिलीच्या वर साठू द्यायची नाही. १९७२ मध्ये अमेरिकेतल्या मिशिगनच्या जॅक लॅपिडिस या मूत्ररोगतज्ज्ञांनी दाखवून दिलं, की यासाठी ऑपरेशन थिएटरसारखं निर्जंतुक काही लागत नाही, साबणानं धुतलेले हात आणि स्वच्छ नळी पुरते. पिशवी ताणली न जाणं जास्त महत्त्वाचं. तुमच्या भावाचे हात चांगले आहेत, तो हे स्वतः करू शकेल, वहिनीवर टाकू नका. पण डी८ च्या मारात पिशवी झटक्यांसारखीच स्वतःहून जोरात आवळते आणि लघवी मूत्रपिंडाकडे उलटी ढकलली जाऊ शकते. म्हणून सोनोग्राफी आणि जमल्यास पिशवीच्या दाबाची तपासणी करा. एनसीव्हीचे पैसे तिकडे वळवा.

पाठ, माकडहाड, टाचा रोज सकाळ-संध्याकाळ आरशात बघा. झोपताना दर दोन तासांनी कूस, बसलेला असताना दर वीस-पंचवीस मिनिटांनी हातांवर अंग उचलणं. १९४४ पासून इंग्लंडमध्ये स्टोक मँडव्हिलच्या हॉस्पिटलात डॉ. लुडविग गुटमान यांनी याच साध्या शिस्तीवर माणसं वाचवली. त्याआधी अशा पेशंटचा जीव जायचा तो जखमांनी आणि लघवीच्या संसर्गानं. घोट्याची मागची शीर आखडू देऊ नका. पाऊल काटकोनात ठेवा. उद्या ताकद आली आणि टाच टेकत नसेल तर उभं कसं राहणार? हाड जुळल्याचं सर्जननं सांगितलं की तिरपं उभं करता येणाऱ्या टेबलाला बांधून किंवा कॅलिपर लावून उभं करायला लागा.

झटके एकदम वाढले तर आधी कारण शोधा, मग गोळी. लघवीचा संसर्ग, मुतखडा, जखम, आत गेलेलं नख, साचलेलं शौच. पाय काही सांगू शकत नाही, तो झटके देऊन सांगतो. इतर वाचणाऱ्यांसाठी एक सावधगिरीची सूचना : मार डी६ किंवा त्याच्या वर असेल आणि अचानक डोकं ठणकून चेहरा लाल झाला, घाम फुटला, तर रक्तदाब धोकादायक वाढलेला असू शकतो. पेशंटला बसवा, लघवीची नळी वाकलीय का बघा आणि थेट दवाखाना गाठा.

‘नसा जिवंत करणाऱ्या’ स्टेम सेलच्या इंजेक्शनबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण एनसीव्ही करायला सांगणाऱ्यानं पुढे तेच सुचवलं तर आश्चर्य वाटायला नको. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे मणक्याच्या मारासाठी हे उपचार म्हणून देता येत नाहीत. मंजूर झालेल्या संशोधन चाचणीतच देता येतात, आणि तिथं पेशंटकडून पैसे घ्यायचे नसतात. कुणी लाखांचं पॅकेज सांगितलं की तिथंच उठा. जमीन गहाण ठेवून गेलेले लोक मी पाहिलेत, आणि परत आल्यावर जखमेच्या ड्रेसिंगला त्यांच्याकडे पैसे उरलेले नव्हते.

काही आठवडे दाखल होऊन नीट शिकायचं असेल तर बेळगावात, मिरज-कोल्हापूरला किंवा गोव्यात बांबोळीला जिथं ऑपरेशन झालं किंवा तुमचं आरोग्य योजनेचं कार्ड चालतं तिथल्या पुनर्वसन विभागात आधी विचारा. बंगळूरची निमहान्स आणि मुंबईत हाजीअलीची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था यांच्याकडेही ही सोय आहे. दिव्यांगत्वाचं यूडीआयडी कार्ड देशभर चालतं, सीमेच्या अलीकडे-पलीकडे फरक पडत नाही. अर्ज कानडीत भरावा लागला तर ओळखीच्या शिक्षकाला सोबत घ्या.

पहिलं काम मात्र ती तपासणी. ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांकडे किंवा कुठल्याही पुनर्वसनाच्या डॉक्टरांकडे जा आणि स्पष्ट शब्दांत सांगा : ‘एशिया तपासणी परत करा, शौचाच्या जागेसकट, आणि तारीख घालून लिहून द्या.’ भावाला आदल्या रात्री सांगून ठेवा की काय विचारतील, आणि कळलं नाही तर ‘कळलं नाही’ म्हणायचं, कुणाला वाईट वाटेल म्हणून ‘हो’ म्हणायचं नाही. आत नेताना तुम्ही बाहेर थांबा, त्याला हवं असेल तर फक्त वहिनीला राहू दे. सोबत पहिल्या एमआरआयच्या फिल्म, ऑपरेशनचे कागद आणि आत्ताची एनसीव्ही न्या. नवी काढू नका. जांबोटीहून येताना रस्ता खराब आहे, गाडीत त्याच्या माकडहाडाखाली फोमची गादी घाला, टाचा मोकळ्या ठेवा, आणि घरी पोचल्यावर पाठ बघायला विसरू नका. तपासणीत कुठलं अक्षर आलं आणि टोचणं कुठपर्यंत कळलं ते इथं लिहा, मग पुढच्या तीन महिन्यांचा व्यायाम कसा ठरवायचा ते मी सांगते.